वेगवान गाडीचा वाजवी भाव कसा ठरवावा

मराठवाड्यात मोठी गाडी घ्यायचे ठरले की पहिला फोन शोरूमला जात नाही, ओळखीच्या माणसाला जातो. शोरूमचा मालक कोणाचा तरी व्याही असतो, मॅनेजर कोणाच्या तरी गावचा निघतो, आणि "आपल्या माणसाचं बघून घ्या" एवढ्या शब्दावर पन्नास-साठ लाखांचा व्यवहार उरकतो. ओळखीचा उपयोग होत नाही असे नाही; गाडी लवकर मिळते आणि पुढे वर्कशॉपमध्येही विचारपूस होते. परंतु याच ओळखीमुळे ग्राहक कोटेशनवरच्या ओळींचा हिशेब विचारायला संकोचतो, आणि भीड भिकेची बहीण या म्हणीचा अनुभव जितका गाडीच्या शोरूममध्ये येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. वाजवी भाव म्हणजे सर्वांत मोठा डिस्काउंट नव्हे. ज्या रकमा सरकारच्या आहेत त्या निमूटपणे भरणे, ज्या कंपनीच्या आहेत त्या समजून घेणे आणि ज्या डीलरच्या हातात आहेत त्यांवरच ठामपणे बोलणे, असा त्याचा अर्थ आहे. ही वाटणी कशी करावी, हे येथे सविस्तर सांगितले आहे.

प्रथम आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे, कारण सर्व वेगवान गाड्यांवर सारखी घासाघीस होत नाही. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या आणि मोजक्या संख्येने येणाऱ्या गाड्यांवर किंमत कमी करून मागण्यात वेळ घालवू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली तेव्हा केवळ 100 गाड्या होत्या, एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची) किंमत 49.99 लाख रुपये होती, आणि बुकिंग सुरू होताच सर्व गाड्या संपल्या. त्याच वर्षी आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या पहिल्या खेपेचीही हीच गत झाली. अशा गाडीत जाहीर किमतीपेक्षा एक रुपयाही अधिक द्यावा लागू नये आणि विमा, ॲक्सेसरीज वा इतर नावांखाली जास्तीचे काही चिकटवले जाऊ नये, एवढे साधले तरी ग्राहकाने चांगला सौदा केला असे मी म्हणेन.

दुसरा प्रकार मर्सिडीजचा. ऑक्टोबर 2021 पासून मर्सिडीज-बेंझ भारतात गाडी थेट ग्राहकाला विकते. इनव्हॉइस कंपनीचे असते, देशभर भाव एकच असतो, आणि डीलरकडे विक्रीची सेवा देणारा भागीदार एवढीच भूमिका राहते. त्यामुळे एएमजी, म्हणजे मर्सिडीजची वेगवान गाडी, घेताना सेल्समनशी किमतीवर वाद घालणे म्हणजे त्याच्या हाती नसलेली गोष्ट मागणे होय. जुन्या गाडीची किंमत, विमा आणि कर्ज यांवर मात्र तेथेही बोलता येते. तिसरा प्रकार भारतात जुळणी होणाऱ्या आणि डीलरच्या स्टॉकमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्यांचा. चेन्नईत जुळणी झालेली बीएमडब्ल्यू एम340आय हे याचे चांगले उदाहरण. खरी घासाघीस येथे होते, कारण स्टॉकमध्ये उभी असलेली प्रत्येक गाडी डीलरच्या भांडवलावर व्याज चढवत असते.

येथे छत्रपती संभाजीनगरचे एक उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या होत्या. व्यवहार सुमारे 65 कोटी रुपयांचा होता आणि स्टेट बँकेने त्यासाठी 7 टक्के व्याजदराने कर्ज दिले होते. त्या घटनेची चर्चा शहराच्या श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून अधिक झाली. माझ्या मते तिच्यातील खरी शिकवण व्यवहाराची आहे, कारण एकेकट्या ग्राहकाला जे बँक आणि कंपनी देत नाही ते समूहाला मिळाले. आजही एकाच महिन्यात एकाच कंपनीची गाडी घेणारे तीन-चार मित्र जालन्यात, लातूरमध्ये किंवा नांदेडमध्ये असतील, तर त्यांनी वेगवेगळे जाण्याऐवजी एकत्र बसून बोलणी करावी. दीडशेची गरज नाही. महिनाअखेरीस टार्गेटला तीन गाड्या कमी पडत असलेल्या सेल्स मॅनेजरसाठी तीनच पुरेशा असतात.

वेळेची निवड हा या भागातील ग्राहकाने सर्वांत कमी वापरलेला लाभ आहे. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या दिवशी गाडी दारात हवी असा आपल्याकडे आग्रह असतो, आणि सोयाबीनचा पैसा हाती येण्याचा काळही दसरा-दिवाळीच्याच सुमारास येतो. मुहूर्तावर गाडी हवी असलेल्या माणसाला "परत जातो" असे म्हणता येत नाही, हे शोरूमला ठाऊक असते. याउलट पितृपक्षात आणि धोंड्याच्या महिन्यात शोरूम ओस पडतात, पण डीलरचे मासिक टार्गेट काही पंचांग पाहत नाही. त्या काळात भाव ठरवून लेखी करून घ्यावा, आणि घरच्या मंडळींच्या श्रद्धेला धक्का न लावता डिलिव्हरी दसऱ्याला घ्यावी. पितृपक्षात बयाणाही द्यायचा नसेल तर केवळ कोटेशनवर सही-शिक्का घेऊन ते घटस्थापनेपर्यंत ग्राह्य राहील असे लिहून घ्यावे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा दुसरा चांगला काळ. जानेवारी उजाडताच तीच गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते. मात्र तेव्हा मिळणारी सवलत ही फुकटची नसते, कारण गाडी विकायला काढाल तेव्हा खरेदीदार आरसीवरील निर्मितीचे वर्षच पाहील. गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असाल तरच गतवर्षीची घ्यावी.

आता कोटेशन. "ऑन रोड किती?" हा प्रश्न विचारू नये. या प्रश्नाला मिळणारा एक गोळाबेरीज आकडा ग्राहकाला आंधळा करतो. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत दाखवलेले, गाडीचे व्हेरियंट, रंग आणि निर्मितीचा महिना-वर्ष नमूद केलेले कोटेशन ईमेलवर मागावे. व्हॉट्सॲपवर पेनाने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला तर तो नम्रपणे परत पाठवावा.

समजा, भारतात जुळणी झालेली आणि एक्स-शोरूम 50 लाखांची पेट्रोल गाडी आहे. या रकमेत जीएसटी आधीच धरलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर उपकर जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी आला आहे, म्हणजे 50 लाखांत सुमारे 14 लाख 29 हजार रुपये जीएसटीचेच असतात. विद्युत गाडीवर मात्र हा दर 5 टक्के आहे. पुढची ओळ रोड टॅक्सची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील 20 लाखांहून महाग पेट्रोल गाडीला 13 टक्के, म्हणजे येथे साडेसहा लाख रुपये एकरकमी कर बसतो. डिझेलला 15 टक्के. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर 20 टक्के होतो आणि कर दहा लाखांवर जातो. जिनिंग, बियाणे, स्टील किंवा बांधकामाचा व्यवसाय असणारे अनेक जण सीएने घसारा मिळेल असे सांगितल्यामुळे गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतात. त्यांनी हा साडेतीन लाखांचा फरक आधी सीएपुढे ठेवून हिशेब करून घ्यावा. पूर्ण आयात गाडीला व्यक्तीच्या नावावरही 20 टक्केच लागतात. 1 जुलै 2025 पासून या कराची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख झाली आहे, त्यामुळे दीड-दोन कोटींच्या गाडीचे जुने हिशेब आता लागू पडत नाहीत. या ओळींवर घासाघीस नाही. आकडा बरोबर आहे की नाही एवढेच तपासायचे.

त्यानंतर 1 टक्का टीसीएस येतो, जो दहा लाखांहून महाग गाडीवर डीलर आयकर खात्यासाठी गोळा करतो. आपल्या उदाहरणात ते 50 हजार झाले. अनेक शेतकरी कुटुंबांत ही रक्कम गेलीच असे समजले जाते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र भरण्याची सवय नसते. वस्तुतः हा खर्च नाही. पॅन दिलेले असेल आणि विवरणपत्र भरले तर ही रक्कम देय करात वळती होते किंवा परत मिळते.

आता खरा मुद्दा. याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात "हँडलिंग चार्जेस", "लॉजिस्टिक", "इसेन्शियल किट", "टेफ्लॉन कोटिंग", "आरटीओ व इतर" अशा ओळी दिसतात. हलक्या खासगी मोटारीची नोंदणी फी 600 रुपये आहे आणि कर्जाचा बोजा चढवण्याची फी 1500 रुपये. तेव्हा रोड टॅक्स वेगळा दाखवूनही "आरटीओ व इतर" या शब्दांपुढे पंचवीस हजार लिहिलेले असतील, तर उरलेले पैसे कशाचे, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पसंतीच्या नंबरची फी ही स्वतंत्र सरकारी फी असते आणि तिची पावती मिळते. ती या ओळीत मिसळू देऊ नये. हँडलिंग चार्जेसबाबत माझे मत स्पष्ट आहे. एक्स-शोरूम किंमत ही शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची किंमत असते, त्यामुळे ती शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च पुन्हा मागणे उचित नाही. "ही रक्कम कोणत्या नियमाखाली आहे ते लिहून द्या" असे शांतपणे म्हटले की बहुतेक वेळा ती ओळ पुढच्या कोटेशनमधून नाहीशी होते. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण तेथवर जाण्यापेक्षा दुसऱ्या डीलरचे कोटेशन जास्त लवकर काम करते.

दुसरे कोटेशन कोठून आणावे? संभाजीनगरसोबत पुण्याचे घ्यावे. राज्यातील कोणत्याही शोरूममधून गाडी घेऊन ती आपल्या जिल्ह्यात पासिंग करता येते, त्यामुळे पुण्यातून घेतलेल्या गाडीवर एमएच 24 किंवा एमएच 26 लागण्यास अडचण नसते आणि राज्यभर कराचा दरही एकच आहे. नांदेड, लातूरच्या ग्राहकाला हैदराबाद जवळचे वाटते. तेथून घेतल्यास तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणून महाराष्ट्राचाच कर भरावा लागतो, म्हणून बचत फक्त डीलरच्या सवलतीपुरती असते. कर कमी पडावा म्हणून परराज्यातील नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी करून गाडी येथे वापरणे हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये. ती करचुकवेगिरी आहे.

विम्याच्या ओळीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण डीलरचे उत्पन्न तेथे असते आणि ग्राहकाचे लक्ष तेथे नसते. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती डीलरला करता येत नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, आणि 1500 सीसीहून मोठ्या इंजिनासाठी त्याचा ठरलेला हप्ता 24,596 रुपये अधिक जीएसटी असा असतो. हा आकडा सर्व विमा कंपन्यांकडे सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. नव्या गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या 95 टक्के असावे, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेसत्तेचाळीस लाख. हप्ता कमी दिसावा म्हणून कधी हेच मूल्य चाळीस लाखांवर आणलेले असते आणि त्याला "स्वस्त विमा" म्हटले जाते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर ते साडेसात लाख ग्राहकाच्या पदरचे जातात. जुन्या गाडीवर क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनस नव्या गाडीच्या विम्यावर वळवता येतो आणि तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो. ही गोष्ट शोरूममध्ये आपण होऊन फारशी कोणी सांगत नाही.

येथे डीलरची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कंपनीच्या नावाने चालणाऱ्या विमा योजनेत अधिकृत वर्कशॉपला कॅशलेस काम सुरळीत होते, आणि ज्या गाडीचा एक हेडलाइटच लाखाच्या घरात जाऊ शकतो तिथे ही सोय दुर्लक्षित करण्याजोगी नाही. म्हणून बाहेरचा विमा आणायचाच असा हट्ट नको. बाहेरचे समान कव्हरचे कोटेशन दाखवून शोरूमचा हप्ता त्याच्या जवळ आणावा. झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास इनव्हॉइसची रक्कम) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचे कव्हर) यांसोबत टायर व अलॉय व्हीलचे कव्हर अवश्य घ्यावे. अठरा-एकोणीस इंची अलॉयवरचा पातळ कडेचा टायर समृद्धी महामार्गावर उत्तम चालतो, पण इंटरचेंज उतरून गावच्या रस्त्याला लागल्यावर पावसाळ्यातल्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रिम वाकते, आणि ती दुरुस्ती सामान्य विम्यातून मिळेलच असे नाही.

कर्जाचे सांगायचे तर बँकेची मंजुरी शोरूममध्ये जाण्यापूर्वी खिशात असावी. हप्ता किती बसेल यावर बोलणी कधीही होऊ देऊ नये, कारण मुदत वाढवली की कोणताही भाव परवडणारा दिसतो. 40 लाखांचे सात वर्षांचे कर्ज 9 टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 64,356 रुपये येतो आणि साडेनऊ टक्क्यांनी 65,376 रुपये. महिन्याला हजार रुपयांचा हा किरकोळ वाटणारा फरक सात वर्षांत 85 हजारांच्या वर जातो, आणि एवढ्यासाठी आपण ॲक्सेसरीजवर तासभर भांडलेले असतो. शोरूमची फायनान्स ऑफर बँकेपेक्षा खरोखर स्वस्त असेल तर ती जरूर घ्यावी, मात्र प्रोसेसिंग फी आणि मुदतीपूर्व परतफेडीचा दंड पाहून.

जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची असल्यास तिचा उल्लेख नव्या गाडीचा भाव लेखी झाल्यानंतरच करावा. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेणे सोपे होते. आधी बाहेरच्या दोन ठिकाणी किंमत काढून ठेवावी, आणि एक्सचेंज बोनस कंपनीकडून किती आहे ते वेगळे विचारावे.

प्रत्यक्ष बोलणीला बसताना सोबत एकच माणूस असावा, आणि तो गाडीच्या प्रेमात पडलेला नसावा. टेस्ट ड्राइव्ह वेगळ्या दिवशी घ्यावी. एक्झॉस्टचा आवाज कानात असताना कोणीही चांगला व्यवहार करत नाही. सेल्समनशी तुसडेपणाने वागण्याची गरज नसते. तो पगारी माणूस आहे आणि त्याच्या अधिकाराची मर्यादा थोडी असते; म्हणून चहा झाल्यावर सरळ सांगावे, "साहेब, पुण्याचे कोटेशन माझ्याकडे आहे. याच निर्मिती महिन्याची गाडी, हँडलिंग शून्य, विम्याचा हा आकडा आणि एक्स-शोरूममधून ही सवलत, एवढे आपल्या मॅनेजर साहेबांकडून लेखी आले तर मी आज बयाणा देऊन जातो." या वाक्यात मागणी मोजकी आहे आणि निर्णय आज होणार आहे, आणि मॅनेजरला नेमके तेच हवे असते. सवलत रोख स्वरूपात आणि इनव्हॉइसमध्येच मागावी. "सवलत नाही, पण दीड लाखाच्या ॲक्सेसरीज देतो" यातील दीड लाख हा छापील भाव असतो. डीलरला त्या पुष्कळ कमी किमतीत पडतात आणि त्यांतील निम्म्या आपल्याला नको असतात. अपवाद म्हणून सर्व्हिस पॅकेज आणि वाढीव वॉरंटी मागून घ्याव्यात, कारण परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या ग्राहकाला वर्कशॉप दूर असल्याने गाडी नेण्या-आणण्याची सोय त्यात लेखी मिळाली तर तिचे मोल मोठे आहे. गाडी नव्याने घरी येतानाही ती ट्रेलरवरूनच यावी अशी अट घालावी; इंजिन अजून बसलेले नसताना संभाजीनगरहून नांदेडपर्यंतचे अडीचशे किलोमीटर अनोळखी ड्रायव्हरने कसे चालवले, हे नंतर कळत नाही.

ओळखीचा माणूस मध्ये असेल तर त्याचा मान राखून हेच करता येते. त्याच्या शब्दावर भेट मिळवावी, पण कोटेशन आपण मागावे.

डेमो गाडी स्वस्त मिळते म्हणून सुचवली जाते. साध्या गाडीत तो विचार करता येईल. वेगवान गाडीचा डेमो मात्र शेकडो अनोळखी पायांखाली थंड इंजिनावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चालवलेला असतो, आणि कागदोपत्री आपण दुसरे मालक ठरतो. मी तो घेण्याचा सल्ला देणार नाही.

बयाणा देताना पावतीवर तीन गोष्टी असाव्यात: बुकिंग रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम, डिलिव्हरीची तारीख, आणि मधल्या काळात किंमत वाढल्यास कोणता भाव लागू होईल. तिसरी गोष्ट जानेवारीच्या तोंडावर विशेष महत्त्वाची, कारण बहुतेक कंपन्या नव्या वर्षाच्या सुरुवातीला किमती वाढवतात. बयाणा बँकेतून द्यावा. 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे डीलरला कायद्याने मनाई आहे, आणि "थोडे रोखीत करा, भाव पाडून देतो" असे कोणी म्हटले तर तेथून उठावे.

उरलेली पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आणि आरटीओला कागद जाण्यापूर्वी गाडी यार्डात, उजेडात, स्वतः पाहावी. एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की हातातले सर्व बळ संपते. चासिस नंबर कोटेशनशी ताडून पाहावा. टायरच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचावा. 3825 असेल तर तो टायर 2025 च्या 38व्या आठवड्यात बनलेला आहे, आणि चारही टायरांचे आकडे गाडीच्या निर्मितीच्या महिन्याशी जुळतील असे असावेत. चार महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी तपासून मागावी. रंगाच्या छटेत दारापासून बंपरपर्यंत फरक दिसतो का ते पाहावे, कारण वाहतुकीत घासलेला बंपर रंगवून देण्याचे प्रकार होतात. काही आढळल्यास त्याच वेळी दुसरी गाडी मागावी किंवा भाव पुन्हा उघडावा.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्यांच्या बॉक्ससोबत टॅक्स इनव्हॉइस, रोड टॅक्सची पावती, विम्याची पॉलिसी आणि दोन्ही किल्ल्या ताब्यात घ्याव्यात. इनव्हॉइसवरील रक्कम मान्य झालेल्या कोटेशनशी तेथेच जुळवावी. टीसीएसचे प्रमाणपत्र त्या दिवशी मिळत नाही; डीलरने त्या तिमाहीचे विवरण भरल्यानंतर ते मागून घ्यावे, रक्कम आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्या पॅनपुढे दिसते का ते पाहावे, आणि जुलैपूर्वी ते कागद सीएच्या हाती द्यावेत.